बारावं खापर

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी किती वेळ बोलायचं, हे बरीच वर्षं एका प्लास्टिकच्या बाटलीनं ठरवलं. लिटरभराची बाटली, बुडाशी दाभणानं पाडलेलं भोक, आणि ती टांगायला खिडकीच्या गजाला बांधलेली सुतळी. खाली बादली. पाणी संपलं की बोलणाऱ्यानं वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचं. ही बाटली ज्यांनी टांगली ते आमच्याकडे इतिहास शिकवत. मुलं त्यांना अथेन्सकर सर म्हणत. पालकांनाही त्यांचं खरं आडनाव ठाऊक नसे, सभेला आलेली माणसं सरळ "अथेन्सकर सर कुठी भेटतीन?" असंच विचारत. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. अठरा वर्षं माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती, आणि माझ्या डोक्याला त्यांनी जेवढा ताप दिला तेवढा नववीच्या कोणत्याही तुकडीनं दिलेला नाही.

सरांनी ग्रीस पाहिलेलं नव्हतं. पासपोर्टही नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचं घर, वडील वकील. वडिलांच्या कायद्याच्या पुस्तकांत कुठून तरी एक ग्रीसवरचं पुस्तक येऊन पडलं होतं, तेवढ्या एका अपघातानं हा माणूस आयुष्यभरासाठी कामातून गेला. अमरावतीत एका खोलीत राहायचे, शनिवारी दुपारच्या गाडीनं अकोल्याला जायचे आणि सोमवारी सकाळी परत. मध्ये फक्त अथेन्स.

अभ्यासक्रमात ग्रीकांना फारशी जागा नाही, पण सरांना त्यानं काही फरक पडत नसे. अठराशे सत्तावन्नपासून निघाले तरी घंटा होईपर्यंत ते स्पार्टाला पोचलेले असत. एकदा सराव परीक्षेत प्रश्न होता, स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांचे योगदान लिहा. एका मुलीनं लिहिलं, ग्रीसमध्ये स्त्रियांना मत नव्हतं आणि ही त्यांची मोठी चूक होती. सरांनी तिला चारपैकी एक गुण दिला. हेडसरांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, उत्तर चुकलं आहे, पण वाक्य बरोबर आहे.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, पोहे दिले आणि मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "तुमच्या सरांचे ते लोक मले काई पटत नाईत भाऊ. बायकांले घरात कोंडून सोता चौकात लोकशाही करून राहिले होते." सर मान खाली घालून पोहे खात होते. या एका बाबतीत त्यांच्याकडे उत्तर नसे, आणि उत्तर नसलं की ते गप्प बसत. हा गुण मी तरी दुसऱ्या कोणा मास्तरात पाहिलेला नाही.

निवडणुकीच्या कामाला आम्हा दोघांना एकदा धारणीकडच्या एका गावात टाकलं. जीप तिसऱ्या चढावर बंद पडली. बाकीचे धक्का मारत होते आणि सर डोंगरांकडे हात करून सांगत होते, की ग्रीसमध्ये अशाच दऱ्याखोऱ्या असल्यामुळे प्रत्येक गाव स्वतंत्र राज्य झालं. मी चिखलात घोट्यापर्यंत. शेवटी चालत गावात पोचलो तेव्हा एका म्हातारीनं आम्हाला बसवलं, भाकर आणि चटणी दिली आणि जेवण झाल्यावर विचारलं, कोण, कुठले. सरांचे डोळे पाण्यानं भरले. ग्रीकांत अगदी हाच रिवाज होता, पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय नाव विचारायचं नाही. त्यानंतर त्यांनी तो रिवाज स्वतःच्या खोलीवर सुरू केला. वसुलीला आलेला, वीज तोडायला आलेला, कोणीही असो, आधी चहा-चिवडा, मग नाव. एकदा वीज तोडणारा चिवडा खाऊन, नाव सांगून, वीज तोडून गेला. सर मेणबत्तीच्या उजेडात मला सांगत होते की माणूस चांगला होता.

तर ती बाटली. अथेन्सच्या कोर्टात बोलायचा वेळ पाण्यानं मोजत असत, म्हणून आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही मोजायचा. हेडसरांनी आधी मोठ्या आनंदानं परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं बाटली दुसऱ्यांसाठी आहे. पहिल्याच मीटिंगला त्यांचं स्वतःचं भाषण "शिस्त म्हणजे" इथे संपलं. पण नियमाला एक पोटनियम होता. कायदा वाचून दाखवत असताना आणि साक्ष देत असताना अथेन्समध्ये पाणी थांबवत. हेडसर हुशार. ते पुढच्या मीटिंगपासून जीआर घेऊन येऊ लागले. जीआरची एक ओळ वाचायची आणि मग दहा ओळी मनच्या. सर बाटलीपाशी उभे. जीआरचं वाक्य चालू असेपर्यंत त्यांचा अंगठा भोकावर. हेडसरांचं मनचं सुरू झालं की अंगठा बाजूला. पुन्हा जीआर, पुन्हा अंगठा. आम्ही बाकीची माणसं हसू दाबून जमिनीकडे बघत बसायचो. साक्षीसाठी मात्र कधी पाणी थांबवायची वेळ आली नाही. मास्तरांच्या मीटिंगमध्ये साक्ष कोण देणार?

दुसरं यंत्र म्हणजे चिठ्ठीची फळी. पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या पूर्वी हेडसर लावायचे, आणि शनिवारची दुपार नेमकी लहान लेकरं असलेल्या दोन मॅडमच्या वाट्याला यायची. सरांनी सुताराकडून खाचांची फळी करून घेतली. खाचांत आमच्या नावांच्या पट्ट्या, बाजूला पाइप, पाइपात काळे-पांढरे कंचे, म्हणजे गोट्या. पांढरा कंचा आला त्या रांगेला ड्यूटी. अथेन्समध्ये माणसं अशीच निवडत म्हणे; तिथे वशिला चालत नसे. भूगोलाच्या मॅडम तिखट. त्यांनी विचारलं, गुलामांची नावं पण होती का त्या फळीत?  चौथ्या दिवशी सरांनी आमच्या शिपाई मावशींची पट्टी करून आणली. महिन्याच्या सभेचा अध्यक्षही याच फळीतून निघत असे, आणि त्याच महिन्यात मावशी निघाल्या. हेडसर समोरच्या बाकावर, मावशी टेबलामागे. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि अध्यक्षीय समारोपात सांगितलं की कप धुऊन ठेवत जा.

आता हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा रोज त्यात राहायचं म्हणजे वैताग होता. साधी खडूची पेटी आणायची तरी मतदान. त्यातून माझं आणि त्यांचं बिनसलं ते डिसेंबरात.

वलगावला माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. वडील नाहीत, त्यामुळे पाटावर बसायचं ते मी. शनिवारची तारीख आणि शनिवारीच दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर. गुरुवारी फळी मांडली आणि माझ्या रांगेसमोर पांढरा कंचा आला. मी सरांना म्हटलं, मी बदल्यात तीन ड्यूट्या करतो. गणिताचे सर माझ्याऐवजी जायला तयार होते. सर म्हणाले, कौल पडला, आता माझ्या हाती काही नाही. मी हात जोडले. ते म्हणाले, "आज मी तुमच्यासाठी बदललं, तर उद्या हेडसर त्यायच्या मानसासाठी बदलतीन. मंग फळी काहून ठेवाची?"

मला भांडताही येईना. कारण त्यांच्या आईच्या तेराव्याच्या दिवशी त्यांचीच ड्यूटी निघाली होती, तेव्हा ते सकाळच्या गाडीनं अकोल्याहून येऊन, पेपर गोळा करून, गठ्ठा बांधून परत गेले होते. त्या शनिवारी माझ्या जागी चुलतभाऊ पाटावर बसला. मी अमरावतीत एका बंद खोलीत पस्तीस पोरांवर नजर ठेवत उभा होतो. संध्याकाळी घरी गेलो, त्यानंतर आईनं दोन दिवस अबोला धरला. मी सरांना मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

महिन्याभरानं, गॅदरिंग झाल्यावर, खापरांचा दिवस आला. हाही सरांचाच खेळ. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरत. ज्याचा गावाला जाच झाला आहे असं वाटेल त्याचं. ज्याच्या नावाची खापरं जास्त पडली त्यानं दहा वर्षं गाव सोडून जायचं. ही शिक्षा नव्हे. घर, शेत सगळं त्याचंच राहायचं, फक्त तो तिथे नसायचा. सरांनी दहा वर्षांचे दहा महिने केले होते आणि गावाची स्टाफरूम. उन्हाळ्यात स्टाफरूमचा एक तरी माठ फुटायचाच. त्याचे तुकडे ते रुमालात बांधून ठेवत. तेवीसपैकी बारा खापरं एका नावाची निघाली तरच निकाल. इतकी वर्षं ती गंमतच होती. हेडसरांना दोन-तीन मतं पडत, कुरकुरत्या पंख्याला चार पडत, आणि सगळे चहा घेत.

त्या वर्षी मी कंपासच्या टोकानं खापरावर सरांचं नाव कोरलं. नीट, काना-मात्रेसकट, दाबून. मला वाटलं माझं एकट्याचंच असेल. एकाचं श्रद्धांजलीचं भाषण बाटलीनं अर्ध्यात कापलं होतं, एकाची रजा फळीवर गेली होती, हेडसरांचं तर दुखणं जुनंच होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मोजणी सरच करत. एकेक खापर उचलायचं, नाव मोठ्यानं वाचायचं, टेबलावर ठेवायचं. स्वतःचं नाव त्यांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. चौथ्यांदा वाचलं तेव्हाही आवाज तसाच. अकरावं ठेवलं तेव्हा रुमालात अजून एकच खापर होतं. ते त्यांनी उचललं. मी लांबून ओळखलं. माठाच्या गळ्याचा तो गोलसर तुकडा मीच निवडला होता. त्यांनी नाव वाचलं, खापर रांगेत ठेवलं, हात झटकले, पिशवी उचलली आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, चहाला गेले.

ते सायकल स्टँडमध्ये गेले होते. पत्र्याच्या त्या शेडमध्ये एक मोडका बाक होता. दुसऱ्या दिवशी त्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा मांडला. तेव्हापासून ते तिथेच बसू लागले. तास एकही चुकवला नाही, पण स्टाफरूमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. मस्टर मावशी खिडकीतून बाहेर देत, सही करून ते खिडकीतून आत देत. हेडसरांनी लेखी आदेश काढायची धमकी दिली. सरांनी सांगितलं की आदेश आला तर खुशाल आत येईन, पण खापरं टाकणारे तुमीच होते हे त्यात लिहा. आदेश आला नाही.

आणि माझी मोटरसायकल त्याच स्टँडमध्ये लागायची.

रोज सकाळी वलगावहून यायचं, गाडी लावायची, आणि समोर हा माणूस. रागावलेला असता तर मला बरं वाटलं असतं. ते खुशीत असायचे. मागच्या चाकात हवा कमी आहे, पेट्रोल गळतं आहे, आईची तब्येत कशी आहे. बहिणीचं लग्न झालं तेव्हा ते वलगावला आले, आहेर दिला, पंगतीत वाढलं. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली भट्टी पेटते. ते डोक्यावर ओला दुपट्टा टाकून पेपर तपासत. स्टाफरूममध्ये नवा माठ आला होता. त्यातलं पाणी मी एकदा तांब्यात घेऊन गेलो. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. म्हणाले, माठ आतला आहे. मी तांब्या जमिनीवर आपटला आणि निघून आलो. घरी बायको म्हणाली, एवढंच वाटतं तर सांगून टाका ना. मी तिच्यावरही ओरडलो. काय सांगायचं? बारा जण होतो. पण अकरा खापरांनी काही झालं नसतं, हे मला रोज गाडी लावताना आठवायचं. बाकीच्या अकरा जणांनाही तसंच वाटत असेल तर असो, मला कोणी सांगितलं नाही.

ऑक्टोबरअखेर सर निवृत्त होणार होते. मुदत संपत होती नोव्हेंबरच्या मध्यावर. पंधरा दिवसांचा फरक. निरोप समारंभ स्टाफरूममध्ये ठेवला, कार्ड छापली, आणि सरांनी नम्रपणे कळवलं की त्यांना येता येणार नाही. मी त्यांच्यासमोर अक्षरशः कपाळ बडवून घेतलं. म्हटलं, तुमच्या अथेन्सनं कधी कोणाला मुदतीआधी परत बोलावलं नाही का? ते म्हणाले, बोलावलं, पण शत्रू दारात आला होता तेव्हा. इथे कोण आलं आहे? हेडसर म्हणाले, नसेल यायचं तर राहू द्या, कार्यक्रम रद्द. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मस्टरवर खिडकीतून सही करून अकोल्याच्या गाडीत बसणार, असं ठरल्यात जमा होतं.

शेवटी भूगोलाच्या मॅडम आणि मावशींनी खुर्च्या उचलल्या. मी टेबल उचललं. स्टँडमधल्या सायकली बाजूला सारून आम्ही तिथेच सभा मांडली. हेडसर पाच मिनिटं उशिरा आले, पण आले. काकू अकोल्याहून आल्या होत्या, त्यांना मोडक्या बाकावर सरांशेजारी बसवलं. सरांची एकच अट होती: बाटली. शेडच्या खांबाला ती टांगली. ज्याला त्याला एक बाटली.

मी भाषण लिहून नेलं होतं. व्यासंग, शिस्त, विद्यार्थीप्रेम, जे निरोपाला म्हणतात ते सगळं. वाचता वाचता मलाच त्याची शिसारी आली. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाटलीकडे पाहिलं. पाणी बुडाशी आलं होतं. मी म्हटलं, त्या दिवशीचं शेवटचं खापर. एवढंच म्हणून झालं होतं. धार बारीक झाली, थेंब थेंब पडू लागलं. हेडसरांनी मागून आठवण केली की वेळ झाली.

सर उठले. बाटलीपाशी गेले आणि त्यांनी भोकावर अंगठा दाबला.

"साक्ष चालू हाये," ते हेडसरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बोला तुमी."

मी बोललो. साक्षगंधाचं, आईच्या अबोल्याचं, माठाच्या गळ्याच्या तुकड्याचं. ते बारावं खापर माझं होतं, रागानं लिहिलं होतं, आणि पुन्हा त्या शनिवारी उभं केलंत तर मला पुन्हा तेवढाच राग येईल, हेही सांगितलं. आणि इतके महिने रोज सकाळी तुमच्यासमोर गाडी लावताना मला स्वतःची लाज वाटली, हेही. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा संतापही येत होता.

सरांचा अंगठा हलला नाही. ते म्हणाले, "नाव खरं वाटलं मनून लिवलं नं? मंग बराबर केलं. कौल पडल्यावर मले बी तुमाले पाटावर बसवता येत नव्हतं, पण त्याचं वाईट मले बी वाटलं होतं." थांबून विचारलं, "झाली साक्ष?"

मी मान हलवली. त्यांनी अंगठा काढला. उरलेलं पाणी बादलीत पडलं, आणि ते पूर्ण संपेपर्यंत मी उभा राहिलो. मग माझी वेळ संपली आणि मी बसलो. काकू पदरानं त्यांचा ओला हात पुसत होत्या.

ते निवृत्त झाले, अकोल्याला गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर, मुदत संपली त्या दिवशी, सकाळच्या गाडीनं आले. मी स्टाफरूममध्ये एकटाच होतो. ते उंबरा ओलांडून आत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, नव्या माठातलं ग्लासभर पाणी घेतलं आणि सावकाश प्यायले. मी विचारलं, आता कशाला एवढा त्रास घेतला? म्हणाले, वापस आल्याशिवाय मुदत पुरी होत नसते.

मला खूप बोलायचं होतं. घंटा झाली तरी मी उठलो नाही. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "सर, तास हाये तुमचा."

मी गेलो. परत आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती, ग्लास धुऊन उपडा ठेवला होता.